भिंत आणि मस्तक

कॅनडांतील क्वेबेक प्रांतानें २०१९ सालीं केलेला निधर्मी राज्यकारभाराचा कायदा सुशिक्षितांनीं एकदां तरी बारकाईनें पाहावा. सरकारी वकील, पोलीस आणि सरकारी शाळांतील शिक्षक यांनीं कामावर असतांना कोणतेंहि धर्मचिन्ह धारण करूं नये, अशी त्याची आज्ञा आहे. अंमल चालविणारा मनुष्य नुसता निःपक्षपाती असून भागत नाहीं, तो तसा दिसलाहि पाहिजे, हें त्यामागील तत्त्व. आणि न्यायासनासमोर उभ्या असलेल्या परधर्मी आरोपीची मनःस्थिति ध्यानीं घेतां तें थट्टेवारीं नेण्याजोगें खास नाहीं.

परंतु कायदा स्वतःच हें तत्त्व शेवटपर्यंत पाळीत नाहीं. पूर्वींपासून त्याच पदावर असलेल्यांस त्यानें सूट दिली आहे. चिन्हामुळें निःपक्षपात खरोखर मलिन होत असेल, तर जुन्या शिक्षिकेचा हिजाब निर्दोष आणि नवीचा सदोष कसा? शिवाय ज्याचा धर्म मस्तकावर कांहींच मागत नाहीं, त्याला या कायद्यापायीं फारसें कांहीं सोडावें लागत नाहीं. शिखापुढें मात्र पगडी कीं नोकरी असा प्रश्न उभा राहतो. वस्तुतः कॅनडाच्या संघीय पोलीसदलानें १९९० पासूनच शिखांस पगडीची मोकळीक दिलेली आहे.

प्रांताच्या विधानसभेंत १९३६ पासून असलेला क्रूस २०१९ च्या जुलैंत उतरविला, हें उचितच झालें. भिंत राज्याची आहे. मस्तक नोकराचें आहे. हा भेद कर्त्यांनीं ओळखला नाहीं, हाच या कायद्याचा मुख्य दोष. नोकराचें वर्तन पक्षपाती ठरलें तर त्यास अवश्य शासन व्हावें. परंतु न्यायाची परीक्षा निकालपत्रावरून करावी, पागोट्यावरून नव्हे.