मुक्ता : मोती की मोकळी?

करंजाडेत शेजारच्या इमारतीत बारसे होते. मुलीचे नाव मुक्ता ठेवले. अर्थ विचारला, तेव्हा तिच्या आजीने नावांच्या पुस्तकातली ओळ दाखवली : 'मोती'. हा अर्थ चुकीचा नाही, अपुरा आहे.

संस्कृतात 'मुच्' म्हणजे सोडणे, त्यावरून 'मुक्त'. मोती हा अर्थही कोशात आहेच. 'मौक्तिक' आणि आपला 'मोती' त्याच कुळातले. पण मराठीत हे नाव मोठे झाले ते दागिन्यामुळे नव्हे. तेराव्या शतकातल्या चार भावंडांची नावे क्रमाने घ्या : निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. निवृत्ती, ज्ञान, सोपान म्हणजे जिना, आणि अखेर मुक्ती. या ओळीत मोती बसत नाही. रुसून ताटी लावून बसलेल्या ज्ञानदेवांची समजूत काढणारी आणि परंपरेने चांगदेवांची गुरू मानलेली ती हीच धाकटी बहीण.

पुढे १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मांग समाजाची विद्यार्थिनी. नावातले मोकळेपण तिला जन्माने मिळाले नव्हते; ते तिने लेखणीने मागितले.

मुलींची नावे आली की अशी पुस्तके रत्ने, फुले आणि चांदण्यापाशी थांबतात, ही माझी तक्रार आहे. नावाचा अर्थ धातूपासून सुरू होतो. पण ते नाव वागवणाऱ्या माणसांनी त्यात घातलेली भर मोजल्याशिवाय तो पुरा होत नाही. पुढच्या आवृत्तीत 'मोती'नंतर 'मोकळी' एवढा एक शब्द वाढवावा. पाळण्यातल्या मुलीला तो उपयोगी पडेल.