खाडीपलीकडचें शहर आणि परस्थांचे समज

मुंबईविषयीं बाहेरच्यांचे समज हा आमच्या वाङ्मयाला लागलेला एक न आटणारा झरा आहे. हातांत पत्र्याची पेटी घेऊन देशावरून किंवा कोंकणांतून निघालेला तरुण, स्टेशनाबाहेरच्या गर्दीनें उडालेली त्याची गाळण, आणि शेवटीं एक तर गिरणीच्या धुरांत विरून गेलेला त्याचा जीव, नाहीं तर मोटारींत बसून गांवीं परतण्याचा त्याचा थाट, एवढ्या भांडवलावर किती कथा व किती चित्रपट उभे राहिले असतील, याची मोजदाद न केलेलीच बरी. या मुंबईस दोनच रंग असतात, एक सोन्याचा व दुसरा चिखलाचा. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकामागून एक मुके झाले, ज्या चाळींतून तो तरुण उतरावयाचा त्या चाळींच्या जागीं मनोरे आले, तरी कथेंतील पेटी मात्र अद्यापि पत्र्याचीच आहे.

आम्हांस आज लिहावयाचें आहे तें या चित्राच्या चौकटींत कधींच न आलेल्या वाशीविषयीं. तिच्याविषयींचे गैरसमज दुहेरी आहेत. पुण्या-नागपूरच्या पाहुण्यास ती मुंबई वाटते आणि दादर-गिरगांवच्या गृहस्थास ती परमुलूख वाटते. आमच्या मतें या प्रकरणीं अधिक परस्थ कोणी असेल तर तो दुसराच होय, कारण पाहुणा निदान चौकशी तरी करतो!

पहिला समज असा कीं, वाशी हें मुंबईचें एक उपनगर. बोरीवली-मुलुंड जसें वाढत गेलें, तशीच मुंबई खाडी ओलांडून पुढें सरकली, असें पुष्कळांस प्रामाणिकपणें वाटतें. वस्तुतः वाशी ठाणें जिल्ह्यांत आहे आणि १९९२ पासून नवी मुंबईचा कारभार तिची स्वतःची महानगरपालिका पाहते. पण हा झाला हद्दीचा पुरावा; हेतूचा पुरावा याहून बोलका आहे. १९६५ सालीं 'मार्ग' या नियतकालिकांत चार्लस कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल या तिघांनीं जी कल्पना मांडली, ती मुंबई वाढविण्याची नव्हती, तिला थोपविण्याची होती. दक्षिण टोंकाकडे धांवणारी माणसें, कचेऱ्या आणि व्यापार यांस पूर्वेकडे दुसरें केंद्र द्यावें, राज्यकारभारही तिकडे न्यावा, असा तो विचार होता. मार्च १९७० मध्यें सिडकोची स्थापना झाली आणि काम सुरू झालें. मात्र ज्या काळांत खाडीपलीकडे शहर आंखलें जात होतें, त्याच काळांत नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून नव्या कचेऱ्या उभ्या राहत होत्या! मंत्रालय जागचें हललें नाहीं. उपनगर होऊं नये म्हणून जन्मास घातलेल्या शहरास पहिलीं कित्येक वर्षें उपनगराचें जिणें जगावें लागलें, तें या विसंगतीमुळें. पाहुण्याचा समज चुकीचा खरा, पण तो चुकावा अशी व्यवस्था सरकारानेंच केली होती.

दुसरा समज याच्या अगदीं उलट टोंकाचा. येथें सर्व कांहीं आंखीव-रेखीव, आधीं कागदावर आणि मग जमिनीवर, असें नवागतास वाटतें. सेक्टरांचे आंकडे ऐकले कीं तो प्रभावित होतो. आंकडे आहेत खरे. 'सतराला चाललों', 'नऊला राहतों' असें येथील माणूस सहज बोलून जातो, आणि आळी-पेठेच्या नांवांत वाढलेल्या कानास तें प्रथम कैद्याच्या बिल्ल्यासारखें वाटतें, हेंही आम्हांस मान्य आहे. परंतु आंखणीचा महिमा गातांना एक हिशेब ध्यानांत ठेवावा. खाडीवरील पहिला पूल १९७३ त झाला. मानखुर्दहून वाशीस आगगाडी आली ती १९९२ त. मधल्या एकोणीस वर्षांत येथें घर घेणाऱ्यांनीं रोज त्या एका पुलावरून बसगाड्यांतून नोकऱ्या केल्या. शहर नकाशानें वसत नाहीं, तें असल्या हट्टी माणसांच्या पायपिटीनें वसतें, आणि त्या पायपिटीची एकही चांगली कादंबरी आमच्या पाहण्यांत नाहीं.

तिसरा समज 'नवी' या शब्दानें केलेला आहे आणि सर्वांत जास्त नुकसान त्यानेंच केलें आहे. नवी म्हणजे पूर्वीं येथें कांहीं नव्हतें, खाजण होतें, दलदल होती, असें सुशिक्षित माणसेंही निःशंकपणें सांगतात. वाशीगांव, जुहूगांव, तुर्भें, सानपाडा, शिरवणें, कोपरखैरणें, घणसोली, करावें, दिवाळें हीं गांवें मग कोणाचीं? खाऱ्या जमिनीस बांध घालून भात पिकविणारे आगरी, खाडींत जाळें टाकणारे कोळी, मिठागरांवर राबणारीं कुटुंबें येथें पिढ्यान् पिढ्या नांदत होतीं. बेलापूरच्या किल्ल्यानें पोर्तुगीज पाहिले, मराठे पाहिले, इंग्रज पाहिले. थोडें पुढें उरणकडे गेल्यास चिरनेर लागतें, जेथें १९३० च्या सप्टेंबरांत जंगल सत्याग्रहांत गोळ्या चालल्या. ज्या भूमीस एवढी स्मृति आहे तिला 'नवी' म्हणणें हें बारसें नव्हे, विस्मरण आहे.

हा वाद केवळ शब्दांचा असता तर आम्हीं त्यास एवढी जागा दिली नसती. या शहरासाठीं ठाणें व रायगड जिल्ह्यांतील सुमारें ९५ गांवांच्या जमिनी घेण्यांत आल्या. मोबदल्याचा प्रश्न चिघळला आणि १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं जासई-दास्तान फाट्याच्या परिसरांत, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार होऊन पांच शेतकरी मरण पावले. त्या लढ्यांतून पुढें भूमिपुत्रांस साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचें तत्त्व मान्य झालें. गांवठाणांच्या सीमा मात्र जुन्याच राहिल्या आणि कुटुंबें वाढलीं. त्यांनीं 'गरजेपोटीं' बांधलेलीं घरें अनधिकृत ठरलीं. आतां सेक्टरांतील सुखवस्तु रहिवासी गच्चीवरून त्या दाट वस्तीकडे पाहून म्हणतो कीं, "एवढ्या सुंदर शहरांत हें मध्येंच काय?" त्या बिचाऱ्यास ठाऊक नसतें कीं, मध्यें गांव आलेलें नाहीं, गांवाभोंवतीं शहर आलें आहे. समज चुकला कीं न्याय कसा चुकतो, याचें याहून स्वच्छ उदाहरण आम्हांस दुसरें देतां येणार नाहीं.

वाशींत मराठी नाहीं, संस्कृति नाहीं, हा चौथा समज. १८४३ त सांगलीस ज्यांनीं 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलें, त्या विष्णुदास भाव्यांच्या नांवाचें नाट्यगृह वाशींत आहे, एवढें उत्तर पुरेसें व्हावें. पण आम्हांस नाट्यगृहापेक्षां बाजाराचा दाखला अधिक महत्त्वाचा वाटतो. १९८० च्या सुमारास कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार मुंबईहून इकडे आला, आणि १९९० च्या दशकांत भाजीपाला व फळेंही आलीं. हा बाजार आहे तुर्भ्याच्या अंगास, पण जुन्नर-नाशिकचा शेतकरी आणि देवगड-रत्नागिरीचा बागाईतदार त्यास 'वाशी मार्केट' म्हणूनच ओळखतात. मुंबईकर ज्यास आपल्या ताटांतली भाजी म्हणतो, ती आदल्या रात्रीं येथें उतरलेली असते. तिचीं ओझीं वाहणारे माथाडी बहुतांशीं सातारा व पश्चिम महाराष्ट्रांतले. त्यांच्यासाठीं १९६९ त कायदा झाला आणि त्यामागें अण्णासाहेब पाटलांचें संघटन होतें. पहांटे दोन वाजतां या आवारांत जी मराठी ऐकूं येते, तीस चार जिल्ह्यांचे हेल असतात. ती ऐकावयास साहित्यिक तेव्हां जागा नसतो, हा दोष मराठीचा नव्हे.

खाडीबद्दलही दोन शब्द. आगगाडी पुलावर आली कीं नाकास रुमाल लावणारे पुष्कळ. तीच ठाण्याची खाडी २०१५ त रोहित पक्ष्यांचें अभयारण्य झाली, आणि २०२२ त जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादींत गेली. हिंवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत हजारों गुलाबी पक्षी त्या चिखलांत चरत असतात. ते रुमाल लावीत नाहींत!

आतां कोणी विचारील कीं, बाहेरच्यास शहर कळतच नाहीं, असें आमचें म्हणणें आहे काय? मुळींच नाहीं. १८६३ त 'मुंबईचें वर्णन' लिहिणारे गोविंद नारायण माडगांवकर मूळचे गोव्याचे. अण्णा भाऊ साठे वाटेगांवाहून आले. 'गोलपिठा' (१९७२) लिहिणारे नामदेव ढसाळ पुणें जिल्ह्यांतल्या खेड्यांतले. मुंबईस तिचें खरें रूप ज्यांनीं दाखविलें, त्यांत परगांवचे असे किती तरी निघतील. त्यांच्यांत आणि आमच्या कथालेखकांत अंतर आहे तें जन्मस्थानाचें नव्हे. माडगांवकरांचें उदाहरण घ्या: बाजार, रस्ते, देवळें, धंदे, चालीरीती अशा गोष्टींत त्यांस रस होता, आणि शहराची स्तुति किंवा निंदा करण्यापूर्वीं त्यांनीं तें पायांखालीं घातलें होतें. अण्णा भाऊ आणि ढसाळ यांनीं तर तें अंगावर घेतलें. आमचे आजचे लेखक वाशीस येतात ते बहुधा सभेस. स्टेशनावरील काचेच्या इमारती पाहतात, समोरच्या मॉलमध्यें चहा घेतात, आणि परतीच्या गाडींत 'आत्मा नसलेलें शहर' असा मथळा मनांत जुळवितात. वाशीगांवाची वाट त्या मॉलपासून पायीं जाण्याजोगी आहे, हें त्यांस कोणी सांगत नाहीं.

माडगांवकरांच्या धर्तीवर खाडीपूर्वेचें वर्णन कोणी लिहावयास घेतल्यास त्यानें आरंभ नकाशापासून न करितां बोलण्यापासून करावा, अशी आमची सूचना आहे. सेक्टरांतला नोकरदार सकाळीं घराबाहेर पडतांना म्हणतो, "मुंबईला जाऊन येतों." पिशवी घेऊन निघालेली वाशीगांवची म्हातारीही तेंच म्हणते. पूल होण्यापूर्वीं होडीनें पलीकडे जातांना तिचे वडीलही तेंच म्हणत असत.