‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटाचा उपलब्ध पाठ व त्याचें रसग्रहण

‘राजा हरिश्चंद्र’ या नांवानें ज्या दोन रिळांचे अवशेष आज दाखविले जातात, ते १९१३ सालच्या मूळ चित्रपटाचे होत, कीं चार वर्षांनंतर त्याच कर्त्यानें पुन्हा घेतलेल्या चित्रपटाचे, या प्रश्नाचा विचार आजवर चित्रपटाच्या अभ्यासकांनींच काय तो केला आहे. हस्तलिखितें जमविणारे व पोथ्यांचे पाठ ताडून पाहणारे आपण लोक त्यापासून दूर राहिलों. वस्तुतः हा प्रश्न आपल्याच घरचा आहे. एखाद्या ग्रंथाची आद्य प्रत नष्ट व्हावी, ग्रंथकारानें तो पुन्हा लिहावा, त्या दुसऱ्या लेखनाचीं आरंभींचीं व अखेरचीं पानें तेवढीं उरावीं, आणि पुढच्यांनीं त्यांवर पहिल्या लेखनाचा शक घालावा, अशीं उदाहरणें आपल्या दप्तरांत थोडीं नाहींत.

निर्विवाद गोष्टी प्रथम सांगतों. कै. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) हे १९१२ सालीं विलायतेस जाऊन यंत्रसामग्री घेऊन आले. दादरच्या आपल्या राहत्या जागेंत त्यांनीं चित्रणाचा संसार थाटला. २१ एप्रिल १९१३ रोजीं मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरांत निमंत्रितांस, व ३ मे १९१३ पासून गिरगांवच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें सर्व लोकांस हा खेळ दाखविण्यांत आला. लांबी सुमारें ३७०० फूट, रिळें चार. हरिश्चंद्राची भूमिका दबके यांची, तारामतीची अण्णा साळुंके यांची, विश्वामित्राची साने यांची; राजपुत्राचें काम फाळक्यांचे चिरंजीव भालचंद्र यांनीं केलें. या चार रिळांपैकीं पहिलें व शेवटचें अशीं दोन रिळें पुण्यास १९६४ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानें जतन केलीं.

वादास प्रारंभ येथून होतो. मूळ प्रत बैलगाडींतून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं नेत असतां १९१७ च्या सुमारास उष्णतेनें पेटून नष्ट झाली व फाळक्यांनीं चित्रपट पुन्हा घेतला, अशी कथा प्रचलित आहे; आणि उरलेलीं दोन रिळें या दुसऱ्या चित्रणाचीं होत, असें कित्येक अभ्यासकांचें मत आहे. संग्रहालयाच्या प्रतीस मात्र सामान्यतः १९१३ हेंच साल चिकटविलें जातें.

पोथीचा कागद कोणत्या काळचा, हें आपण त्यांतील जलचिन्हावरून ताडतों. फिल्मच्या कडेसहि तशाच खुणा असतात. ईस्टमन कोडॅक कंपनीनें १९१६ पासून आपल्या फिल्मच्या कडेवर उत्पादनाचें वर्ष दर्शविणारीं चिन्हें उमटविण्यास आरंभ केला. परंतु नव्या कागदावरची नक्कल ज्याप्रमाणें मूळ ग्रंथाचा काल सांगत नाहीं, त्याप्रमाणें नव्या फिल्मवर उतरविलेल्या प्रतीची खूण त्या प्रतीचा काल सांगते, चित्रणाचा नव्हे. कधीं मूळ फिल्मच्या कडेची खूणहि नकलेंत छापून येते, व आजोबा-नातवांच्या सह्या एकाच कागदावर असाव्या तसें होतें. म्हणून केवळ एका खुणेवर निर्णय देणें धोक्याचें. अंतःप्रमाण व बाह्यप्रमाण, दोन्ही एकत्र ठेवून पाहिलीं पाहिजेत. आणि तोंवर १९१३ ची पात्रयादी या रिळांखालीं निःशंकपणें लिहिणें म्हणजे एका पोथीची पुष्पिका दुसरीच्या अखेरीस डकविणें होय.

‘१९१३ काय कीं १९१७ काय, चित्र तर फाळक्यांचेंच ना?’ असें कोणी म्हणेल. या आक्षेपाचें उत्तर देण्यास आमच्या डहाणू-तलासरीच्या मुलुखांतील दोन दाखले उपयोगी पडतात. वारल्यांच्या घरीं लग्नांत सवासिणी भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक लिहितात व त्यांत पालघाट देवी येते. हा चौक प्रत्येक लग्नांत नव्यानें लिहिला जातो. जुना कोणी जपून ठेवीत नाहीं. तेथें मूळ कोणतें व नक्कल कोणती, हा प्रश्नच उद्भवत नाहीं. डहाणू तालुक्यांतील गंजाडचे जिव्या सोमा मशे (मृत्यु २०१८) हे कागदावर व कापडावर चित्रें काढूं लागले, तेव्हां कोठें या कलेंत ‘हें अमुक हातचें, अमुक सालचें’ असें म्हणण्याची सोय झाली. दुसरा दाखला बहरोटचा. संजाणचा पाडाव झाल्यावर पारशांनीं आपला पवित्र अग्नि बहरोटच्या डोंगरांतील गुंफांत १२ वर्षें राखला, असें ‘किस्से-संजाण’ सांगतो. पुढें तो अग्नि स्थलांतर करीत १७४२ सालीं उदवाड्यास स्थिरावला. इतक्या शतकांत लांकडें किती बदललीं असतील! तथापि अग्नि तोच. कारण मध्यें खंड पडला नाहीं.

फाळक्यांच्या चित्रपटाची गत या दोहोंहून निराळी आहे. येथें खंड पडला, आणि खंडानंतर त्याच हातानें चौक पुन्हा लिहिला. हा दुसरा चौक खोटा नव्हे. भाऊसाहेबांच्या तोतयाची जात निराळी व याची निराळी. कर्त्यानेंच केलेली ही दुसरी वाचना आहे. पण ती दुसरी असेल तर दुसरी म्हणूनच तिचें मोल केलें पाहिजे. पहिल्या रिळांत विश्वामित्राच्या यज्ञाग्नींत तीन शक्ति स्त्रीरूपानें प्रकट झालेल्या दिसतात. एकाच फिल्मवर दोनदां चित्रण करून साधलेली ही युक्ति आहे. हें चित्रण १९१३ चें असेल, तर ज्यास या देशांत गुरु नव्हता अशा माणसाची ती पहिली झेप ठरते. १९१७ चें असेल, तर त्याच वर्षीं ‘लंकादहन’ पडद्यावर आणणाऱ्या, हात बसलेल्या कारागिराचें तें काम ठरतें. दोन्ही प्रशंसनीय, पण प्रशंसा एकच नव्हे. साल चुकलें कीं रसग्रहण चुकतें.

आतां कथावस्तूकडे वळूं. ऐतरेय ब्राह्मणांतील हरिश्चंद्रास शंभर स्त्रिया असून तेथील कथा रोहित व शुनःशेप यांची आहे. सत्त्वपरीक्षेचा तेथें मागमूसहि नाहीं. ती मार्कंडेय पुराणांत येते. तेथें मृगयेस गेलेल्या राजास स्त्रियांचा आक्रोश ऐकूं येतो. या स्त्रिया म्हणजे विश्वामित्र ज्यांस वश करूं पाहत होता त्या विद्या. क्षेमीश्वराच्या ‘चंडकौशिक’ नाटकानेंहि हाच धागा उचलला. फाळक्यांच्या पहिल्या रिळांतील मृगया, आक्रोश व ज्वाळांतील शक्ति पाहिल्या म्हणजे या परंपरेशीं त्यांचें नातें ध्यानांत येतें. परंतु राणीचें नांव पाहावें. पुराणांत ती शैब्या आहे; चित्रपटांत तारामती. पुराणाचा सांगाडा आणि देशी कथेंतील नांवें, असें हें मिश्रण आहे. जो प्रेक्षक पुराण वाचून आला नव्हता, परंतु कीर्तनांत व नाटकांत हरिश्चंद्र-तारामतीस ओळखत होता, त्याच्यासाठीं हा पाठ सिद्ध झाला.

फाळक्यांचें कौशल्य मला येथें विशेष वाटतें. अमूर्त विद्येस देह देणें कवीस सोपें. शब्दानें काम भागतें. मूकपटांत शब्द नाहीं; दोन दृश्यांमध्यें येणाऱ्या लिखित पाटीवर किती भार टाकावा, यासहि मर्यादा आहे. म्हणून त्यांनीं ज्वाळेंतच आकृति उभी केली. कॅमेरा मात्र नाटकगृहांतील पहिल्या रांगेंत बसलेल्या प्रेक्षकासारखा एके जागीं स्थिर राहतो, आणि पात्रें बहुधा त्याच्याकडे तोंड करून येतात-जातात. हा दोष म्हणावा, तर रंगभूमीवर वाढलेल्या प्रेक्षकास तीच परिचित बैठक होती, हेंहि ध्यानांत ठेवावें.

तारामतीच्या भूमिकेचा विचार सालाच्या प्रश्नाशीं निगडित आहे. चित्रपटांत काम करण्यास स्त्री मिळेना, म्हणून फाळक्यांनीं उपाहारगृहांत काम करणाऱ्या साळुंके यांस १० रुपयांऐवजीं १५ रुपये पगार देऊं करून आणलें. ‘लंकादहना’त याच साळुंके यांनीं राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या. तेव्हां १९१७ सालीं ते फाळक्यांपाशींच होते, व दुसऱ्या तारामतीचें कामहि त्यांनीं केलें असण्याचा संभव आहे. पण संभव हें प्रमाण नव्हे. मानेची जी लवण आपण आज पाहतों, ती नवशिक्याची कीं चार वर्षें पडद्यावर मुरलेल्या नटाची, हें ठरल्याविना त्यांस न्याय मिळणार नाहीं. पंधरा रुपयांच्या या नटास एवढा न्याय मिळावा, हें मागणें अधिक नव्हे.

१९३२ सालीं प्रभात कंपनीनें हीच कथा ‘अयोध्येचा राजा’ या नांवानें बोलपटांत आणली. मराठींतला तो पहिला बोलपट. दिग्दर्शक व्ही. शांताराम, हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे, तारामती दुर्गा खोटे. मराठीबरोबर त्याची हिंदी आवृत्तीहि निघाली. म्हणजे एकाच कर्तृत्वाचे दोन समकालीन पाठ. स्त्रीवेषधारी पुरुषाच्या अभिनयांत स्त्रीत्व हें एक चिन्ह असतें. पदर, मान, पावलांची चाल यांवरून तें ओळखून घ्यावयाचें. दुर्गाबाईंच्या तारामतीस तें सिद्ध करून दाखवावें लागत नाहीं. म्हणून तिची सारी शक्ति दुःख आवरण्याकडे लागते. राणीचा ताठा दासीपणींहि न मोडणें हें या भूमिकेचें मर्म त्यांनीं ओळखलें. टेंबे यांचें गायन श्रेष्ठ खरें, पण गातांना राजा क्षणभर बाजूस होतो व गवई पुढें येतो.

नट व भूमिका यांच्या या संबंधाचें सर्वांत सुंदर उदाहरण फाळक्यांच्या ‘कालियामर्दन’ (१९१९) या चित्रपटांत आहे. त्यांत बालकृष्णाचें काम फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिनें केलें. आरंभीं ती मुलगी म्हणूनच प्रेक्षकांसमोर येते, चेहऱ्यावर नाना भाव दाखविते, आणि मग कृष्ण होते. संस्कृत नाटकाच्या प्रस्तावनेंत सूत्रधार व नटी आधीं नट म्हणूनच बोलतात. त्याचें स्मरण येथें झाल्यावांचून राहत नाहीं. ही मुलगी आहे हें माहीत असूनहि पुढें आपण कृष्णच पाहतों. नटाच्या कौतुकाचा याहून प्रामाणिक मार्ग दुसरा नाहीं.

प्रक्षेपाविषयीं जागरूक असणाऱ्यांसाठीं आणखी एक दाखला देतों. ‘संत तुकाराम’ (१९३६) या दामले-फत्तेलाल यांच्या चित्रपटास १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत मान मिळाला. विष्णुपंत पागनीस यांच्या मुखांतून निघालेला त्यांतील एक अभंग पुष्कळांनीं तुकोबांचाच समजला. वस्तुतः तो शांताराम आठवले यांची रचना होय. भाषेचें वळण इतकें साधलें होतें कीं जाणतेहि फसले. येथें कर्ता हयात होता व नांव नोंदलेलें होतें, म्हणून निकाल लागला. तीनशें वर्षांपूर्वींच्या गाथेच्या वह्यांत असें कितीकदां घडलें असेल, याचा विचार पाठचिकित्सकानें करावा.

शेवटीं एक विनंति. या देशांत सुमारें १३०० मूकपट निघाले. त्यांपैकीं पूर्ण वा खंडित स्वरूपांत उरलेले तीसच्या आसपास. १९३१ सालच्या ‘आलम आरा’ या पहिल्या बोलपटाची एकहि प्रत नाहीं. जानेवारी २००३ मध्यें पुण्यास प्रभातच्या जुन्या आवारांत आग लागून नायट्रेट फिल्मच्या पुष्कळ प्रती जळाल्या. डहाणूपासून तलासरीपर्यंतच्या जुन्या घरांतील पेट्या चाळणाऱ्या आपल्या सभासदांनीं यापुढें केवळ मोडी कागदच वेंचूं नयेत. खेळांचीं हस्तपत्रकें, गाण्यांचीं पुस्तकें, जाहिरातींचीं कात्रणें हीं आज बाह्यप्रमाणें आहेत. १९६० पर्यंत तलासरीचीं गांवें ज्या तालुक्यांत मोडत होतीं, त्या उंबरगांवींच १९८७ सालीं प्रसारित झालेल्या ‘रामायण’ मालिकेचें चित्रण झालें. त्या कामाचे कागदहि आतां जपण्याजोगे झाले आहेत. मात्र रीळ सांपडल्यास एवढें पथ्य पाळावें: १९५० पूर्वींची फिल्म नायट्रेटची असण्याचा संभव फार, ती पेटल्यास पाण्यानेंहि विझत नाहीं, आणि आमच्या किनाऱ्यावरची दमट हवा तिला लौकर नासविते. डबा गंजलेला असेल, उग्र वास येत असेल, तर तो उघडूं नये, उन्हांत ठेवूं नये, दिव्याजवळ नेऊं नये, संग्रहालयास कळवावें. डब्यावरील चिठ्ठी मात्र जशीच्या तशी उतरून घ्यावी. हरिश्चंद्राच्या मधल्या दोन रिळांचा ठाव लागला, तर तो अशाच एखाद्या चिठ्ठीवरून लागेल.