अन्नदाता कुठं आहे?

माझा भाचा टोकियोला असतो. दोन वर्षांतून एकदा येतो आणि आठ दिवस आमच्या जेवणाला नावं ठेवत पोटभर जेवतो. गेल्या खेपेला त्यानं तिथल्या एका घरगुती खानावळीचं पुराण लावलं. आठ माणसं बसतील एवढीच जागा. नवरा रांधतो, बायको वाढते. दारावर कापडी पडदा, त्याला ‘नोरेन’ म्हणायचं. पडदा बाहेर लटकला की दुकान उघडं. आत गेल्यावर काही मागायचं नाही. नुसतं ‘ओमाकासे’ म्हणायचं, म्हणजे ‘तुमच्यावर सोपवलं’. मग पुढ्यात येईल ते गुमान खायचं.

“यात नवीन ते काय?” मी म्हणालो, “तीस वर्षं मी घरी हेच करतोय.”

सौ.नं माझ्याकडे नुसतं पाहिलं. विषय संपला.

तो पुन्हा निघाला देवणीत. लातूर जिल्ह्यातलं, कर्नाटकाच्या सीमेलगतचं हे तालुक्याचं गाव. पण गावापेक्षा गावाच्या नावाची गाय जास्त प्रसिद्ध. आमच्या मेव्हण्यांना तीच घ्यायची होती. वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे या जातीचे तीन प्रकार. यातला कुठला कुठला हे मला समजेपर्यंत दुपारचे दोन वाजले. गाय काही ठरली नाही, भूक मात्र ठरली.

विचारत विचारत एका खानावळीशी पोचलो. पाटी नव्हती. चार बाकडी, प्रत्येकावर दोघं. म्हणजे हिशेबानं आठच माणसं. आणि स्वयंपाकघराच्या दाराला जुन्या लुगड्याचा पडदा! मी हरखून ओरडलो, “नोरेन!”

मेव्हणे म्हणाले, “दाजी, ते मागनं बघू. आधी जेवू.”

“काय काय आहे?” मी मालकांना विचारलं.

“जेवण आहे की.”

“पण जेवणात काय?”

“बसा तर खरं. भाकरी होऊलालीय.”

म्हणजे ओमाकासेच. फरक इतकाच, की तिकडे ते गिऱ्हाइकानं म्हणावं लागतं. देवणीत मालक गृहीत धरतात.

आता परीक्षण. पापड विकतचा होता आणि ते लपवायचा कुणी प्रयत्नही केला नव्हता. भात गिचका. ठेच्यानं मला माझ्या दिवंगत आजोबांचं दर्शन घडवलं. पण येसराची आमटी! धान्यं, डाळी आणि मसाले भाजून दळलेलं ते पीठ आमटीत असं मुरलं होतं, की मेव्हणे दहा मिनिटं गाईबद्दल बोलले नाहीत. आणि भाकरी? पडद्याआड थापल्याचा आवाज यायचा, क्षणभर थांबायचा, आणि बरोबर पहिली संपता संपता दुसरी ताटात पडायची. कोरडी नाही, करपलेली नाही, मधोमध फुगून पापुद्रा सुटलेली. आत बसलेल्या बाईंना माझं ताट दिसत नव्हतं, तरी वेळ चुकत नव्हती.

मालक म्हणाले, “पोरगा म्हणूलालाय, भाकरी बंद करू.” पोराचंही खोटं नव्हतं. या भागात ज्वारीच्या पुष्कळ रानांत आता सोयाबीन उभं असतं. ज्वारी विकत आणायची, वर भाकरी थापणारे हात रोज उन्हाळा सोसणार. त्यापेक्षा मेनूकार्ड छापू, मंचुरियन ठेवू, असा त्याचा बेत.

“मग?”

“घरात ऐकत नाहीत. म्हणतात, मंचुरियन तुमचं तुम्हीच थापा.”

जपानी माणूस जेवण झाल्यावर ‘गोचिसोसामा’ म्हणतो, असं भाच्यानं सांगितलं होतं. त्या शब्दाच्या मुळाशी म्हणे ‘धावपळ’ आहे. आपल्यासाठी ज्यानं पायपीट केली, त्याचे ते आभार. आपल्याकडेही आहे की! मी हात धुऊन मोठ्यानं म्हणालो, “अन्नदाता सुखी भव!”

मालकांनी नम्रपणे हात जोडले. मग माझ्या लक्षात आलं, यांनी आज एकही भाकरी थापलेली नाही. मी पडद्याकडे तोंड करून तेच पुन्हा म्हणालो, जरा जास्त मोठ्यानं.

आतला आवाज थांबला. मग विचारणा झाली, “काय म्हणूलालेत? अजून एक पाहिजे का?”

मी नको म्हणेपर्यंत भाकरी आली होती. पुन्हा बसलो आणि खाल्ली. एकदा सोपवलं म्हणजे सोपवलं.