कथलाच्या थेंबाची तयारी

नेदरलँड्समधल्या एएसएमएलच्या चिप छापणाऱ्या यंत्राचं कौतुक होतं ते बहुधा त्याच्या किमतीचं. मला त्यातली सर्वांत देखणी जागा वाटते ती प्रकाश जन्मतो ती. मृदू क्ष-किरणांना अगदी लागून असलेला, 13.5 नॅनोमीटरचा हा प्रकाश हवेतसुद्धा शोषला जातो, म्हणून सगळा खेळ निर्वातात.

वितळलेल्या कथलाच्या थेंबावर लेसरचा मारा करून त्याचा प्लाझ्मा केला की हा प्रकाश निघतो. कथील कल्हईवाल्याचंच, 232 अंशांना वितळणारं. थेंब सुमारे 30 मायक्रोमीटरचा, केसाहून बारीक. असे सेकंदाला 50,000. पण तोटीतून हा थेंब थेट सुटत नाही. आधी त्याहून बारीक कण निघतात. तोटीला दिलेल्या कंपनांमुळे त्यांचे वेग किंचित मागेपुढे असतात, आणि वाटेत एकमेकांना गाठून त्यांचा एक मोठा थेंब होतो. त्यामुळे दोन थेंबांत साधारण दीड मिलिमीटर अंतर राहतं, आणि एकाच्या स्फोटाने पुढचा विचलित होत नाही. किती दूरवरचा विचार!

खरी बहार पुढे आहे. पूर्वी एकाच स्पंदाने थेंब फोडत. पण थेंब इवलासा, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड लेसरचा बराच झोत बाजूने वाया जाई. मग आधी एक हलका स्पंद आला. तो थेंबाला नुसता चपटा करतो. काही मायक्रोसेकंदांत त्याची कितीतरी पट रुंद, विरळ चकती होते, आणि मुख्य स्पंद तिला पुरता कवेत घेतो. नुसता जोर वाढवण्याऐवजी थेंबालाच तयार करण्याची ही युक्ती मला थक्क करते.

कथलाची निवडही तशीच मर्मज्ञ. काही लाख अंशांच्या प्लाझ्मात कुठल्या अणूचे आठ इलेक्ट्रॉन गेलेले, कुठल्याचे चौदा. तरी बहुतेकांचा प्रकाश 13.5च्या आसपासच एकवटतो. आधी वापरलेल्या झेनॉनचं तेज 11 नॅनोमीटरजवळ अधिक, आणि तिथे मॉलिब्डेनम-सिलिकॉनचे आरसे साथ देत नाहीत. 13.5ला तोच आरसा सुमारे 70 टक्के प्रकाश परतवतो. असे दहा आरसे ओलांडले की हाती तीन टक्केही उरत नाहीत. म्हणून तर उगमाशी एवढी काटकसर.

उरलेलं कथील आरशावर बसतं. तिथे हायड्रोजन खेळवतात. त्याचे सुटे अणू कथलाशी जुळून वायू होतो आणि तो ओढून घेता येतो. थेंबाच्या चकतीइतकंच श्रेय मी या सफाईला देईन. तिच्याविना हा दिवा प्रयोगशाळेतून कारखान्यात पोचलाच नसता.