दिवाळं ‘निघालं’ की ‘काढलं’?

आज एकाच शब्दाची झडती घ्यायची आहे : दिवाळखोर.

‘दिवाळं’ हा शब्द दिव्यावरून आला, असं आपण ऐकत आलो आहोत. पेढी बुडाली की व्यापारी दुकानात दिवा लावायचा, त्यावरून लोकांना कळायचं. ही केवळ ऐकीव गोष्ट नाही. गुजराती-मराठी व्याकरणावरच्या ड्रमंडच्या १८०८ सालच्या पुस्तकात ही चाल नोंदलेली आहे. व्यापारी मोठा दिवा लावून काही काळ निघून जातो. हिशेब उघड होऊन धनकोंचं समाधान झालं की परततो. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशाने ही नोंद उद्धृत केली, पण व्युत्पत्ती वादग्रस्त आहे हेही सांगितलं. आम्हीही तिथेच थांबू. चाल होती, एवढं म्हणता येतं. शब्द तिच्यावरूनच आला, हे अनुमान.

आणि मूळ सापडलं म्हणजे अर्थ सापडला, असं थोडंच आहे? अर्थ बघायचा तर वापर बघावा. मराठी माणूस दोन क्रियापदं वापरतो. ‘त्याचं दिवाळं निघालं’ म्हणजे संकट आलं, त्याचा इलाज चालला नाही. ‘त्याने दिवाळं काढलं’ म्हणजे केलं ते त्याने. कधीकधी पैसा बाजूला सारूनही केलं. एक भोगणं, दुसरं करणं. नीतिशास्त्राचा अख्खा धडा या दोन क्रियापदांत आहे.

आता ‘खोर’ बघा. फारसीतला हा प्रत्यय म्हणजे खाणारा. लाचखोर लाच खातो, व्याजखोर व्याज खातो. मग दिवाळखोराने काय खाल्लं हो? बऱ्याचदा त्यालाच व्याजाने खाल्लेलं असतं! भांडखोर, दंगेखोर यांच्या पंक्तीत बसवून आपण त्याला खोड चिकटवली. निघालं की काढलं, हा क्रियापदांनी जपलेला भेद प्रत्ययाने पुसून टाकला.

कोणी म्हणेल, आता तो कायद्याचा साधा शब्द आहे. तसं असतं तर ‘वैचारिक दिवाळखोरी’ ही शिवी झाली नसती. आणि गंमत अशी, की साखर कारखाना बुडायला लागला की आपण त्याला ‘आजारी’ म्हणतो. कारखान्याला आजार, माणसाला खोड!

खरं तर दुसरा शब्द आपल्याकडे आहे. आमच्या लहानपणी शाळेत गरीब मुलांना ‘नादारी’ मिळायची, म्हणजे फी माफ. तोही फारसीच. नादार म्हणजे ज्याच्यापाशी नाही तो. बस्स. तो शब्द परिस्थिती सांगतो, स्वभावावर बोलत नाही. २०१६ च्या संहितेला आपण ‘नादारी व दिवाळखोरी संहिता’ म्हणतो. तिथे दोन्ही शब्द शेजारी नांदतात. बोलताना मात्र आपण पहिला गिळतो.

‘दिवाळखोर’ शब्द टाकून द्या, असं आमचं म्हणणं नाही. जाणूनबुजून दिवाळं काढणारे आहेत, त्यांना तो शोभतो. पण एखाद्या दुकानदाराचं शटर कायमचं खाली आलं, कर्जापायी कोणा शेतकऱ्याची जमीन गेली, तर तो शब्द उच्चारण्याआधी स्वतःला विचारावं : निघालं, की काढलं? उत्तर ठाऊक नसेल तर ‘नादार’ म्हणावं. बुडालेल्या माणसाला निदान आपल्या जिभेने आणखी खाली ढकलू नये.