विद्यापीठनगरी आणि धानाचा मुलूख

विद्यापीठ असलेल्या नगराचे चित्र मराठी साहित्यात शोधू गेल्यास पाऊल बहुधा पुण्यापाशीच थांबते. ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्यांतील प्रणयरम्य महाविद्यालयीन विश्व बाजूस ठेवले, तरी फर्ग्युसनमध्ये जुळलेल्या स्नेहातून अनिल आणि कुसुमावती यांनी परस्परांस लिहिलेली, १९७२ साली ‘कुसुमानिल’ या नावाने ग्रंथरूप झालेली पत्रे आहेत. आणि भालचंद्र नेमाडे यांची १९६३ सालची ‘कोसला’ तर आहेच. सांगवीचा पांडुरंग वसतिगृहाच्या खोलीतून, वडिलांकडून येणाऱ्या पैशाचे ओझे मनावर वागवीत पुण्याला ज्या परकेपणाने न्याहाळतो, त्या परकेपणामुळेच ते नगर आपल्या कादंबरीत प्रथम पुरतेपणी दृग्गोचर झाले, असे माझे मत आहे.

आम्हां भंडारेकरांची विद्यापीठनगरी मात्र नागपूर. हिस्लॉप आणि मॉरिस ही तेथील महाविद्यालये एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकातली, आधी कलकत्त्याच्या आणि पुढे अलाहाबादच्या विद्यापीठास जोडलेली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपुरास स्वतःचे विद्यापीठ लाभले. तेव्हापासून आमच्या किती पिढ्या वरठीच्या भंडारा रोड स्थानकावर गाडी धरून तिकडे गेल्या! या नगरीचे साहित्यातील चित्र त्या मानाने फारच विरळ आहे. महेश एलकुंचवार यांच्या ‘होळी’त वसतिगृहातील मुलांचे साचलेले वैफल्य एका सहाध्यायाचा बळी घेईपर्यंत भडकते, आणि त्या एकांकिकेची दाहकता आजही ओसरलेली नाही, परंतु एकांकिकेच्या आटोपशीर अवकाशात नगर मावत नाही.

नगर दिसते ते कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’मध्ये (१९८१). अस्पृश्य मानलेल्या घरातील मुलगी संस्कृत शिकते; शाळेत गोखले गुरुजी तिला मायेने शिकवितात, पुढे महाविद्यालयात मात्र त्याच विद्येच्या अधिकाऱ्यांची नाराजी तिच्या वाट्यास येते; एम.ए.ची पदवी हाती असूनही अर्जामागून अर्ज निष्फळ ठरतात, आणि आंतरजातीय विवाहानंतर आडनाव बदलते तेव्हा सरकारी नेमणूक पदरात पडते. ती नेमणूक कुमुद सोमकुवर हिला मिळालीच नाही, हे लेखिकेने ज्या संयमाने नोंदविले आहे, त्यात विद्यापीठनगरीची आतली जमाबंदी उघडी पडते. या पुस्तकाची गणना केवळ दलित आत्मकथनांत करून थांबणाऱ्या समीक्षेने त्याच्यावर अन्यायच केला आहे. नागपूरच्या विद्याजीवनाचे इतके निर्भीड चित्र मराठीत दुसरे नाही.

तरीही धानाच्या मुलखातून जाणारा विद्यार्थी या चित्राबाहेरच राहतो. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठाने पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या सहकार्याने पवनीस उत्खनन करून तेथील प्राचीन स्तूप उजेडात आणला, त्याचा अहवाल दप्तरी आहे. पण पवनीहून, लाखांदुराहून, साकोलीहून नागपुरास गेलेल्या मुलाची कादंबरी कोणत्या कपाटात शोधावी? महाविद्यालयातील प्रवेशाची धावपळ आणि बांधीतील रोवणी एकाच महिन्यात येतात, तेव्हा चिखलात वाकलेल्या आईस सोडून दाखल्यासाठी रांगेत उभा राहणारा मुलगा काय भोगतो, आणि खोलीतील सोबत्यांसमोर झाडीबोली तोंडातून निसटू नये म्हणून तो किती जपून बोलतो, हे जाणणारी माणसे येथे घरोघरी आहेत. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या बोलीचा संचय आस्थेने केलेला आहे. तो कादंबरीकाराने उचलावयाचा तेवढा राहिला आहे.